आधी ताण, मग तार

इंजिनातलं तेल काढायच्या बुचाला, म्हणजे ड्रेन प्लगला, बांधलेली तार देखणी होती. पीळ एकसारखे, तार सरळ, शेपटी व्यवस्थित आत वळवलेली. तरीही प्लगखाली संपवर, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलटाकीवर, तेलाचा ओघळ दिसत होता. विमान पन्नास तासांच्या तपासणीला आमच्याकडे आलं होतं आणि आधीचं ऑइल दुसरीकडे बदललेलं होतं. मी तार कापली, प्लगवर पाना ठेवला आणि जोर लावायच्या आतच प्लग फिरला. ज्याने कुणी तो बसवला होता त्याने बोटांनी टेकेपर्यंत फिरवला, पाना लावायचा राहून गेला आणि थेट तार बांधली. प्लग बाहेर पडला नाही तो केवळ त्या तारेमुळे, म्हणजे तारेने स्वतःचं काम चोख केलं. जोड घट्ट करणं हे मात्र तिचं काम नव्हतंच.

लहान विमानांच्या इंजिनांवर, म्हणजे लायकॉमिंग, काँटिनेंटल आणि रोटॅक्सवर, मी बरीच वर्षं काम करते आहे. हाताखाली नवीन मुलं येतात तेव्हा बहुतेकांना लॉकवायर, म्हणजे बोल्ट फिरून सुटू नये म्हणून लावायची तार, बांधायला शिकायची घाई असते, कारण ते काम दिसतं आणि त्यात हात दाखवता येतो. मी त्यांना आधी बोल्ट आवळायला लावते. तुमच्याशीही त्याच क्रमाने बोलते.

बोल्ट आवळतो म्हणजे आपण त्याला ताणतो. पोलादी बोल्ट ही एक अतिशय कडक स्प्रिंग आहे. नट फिरतो तसा बोल्ट केसभर लांबतो आणि परत आखूड व्हायच्या ओढीने दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. हा दाब पुरेसा असला की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर सरकत नाहीत, आणि ते सरकले नाहीत तर नट सहसा सुटत नाही. गेरहार्ट युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली हेच प्रयोगाने दाखवलं. बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा आडवे हादरे जास्त घातक असतात. जोड आडवा सरकला की आट्यांमधलं घर्षण क्षणभर नाहीसं होतं आणि नट थोडाथोडा उलटा फिरत जातो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे घेत असताना असे किती हादरे बसत असतील याचा अंदाज करा. साधा स्प्रिंग वायसर या परीक्षेत फार टिकत नाही, म्हणून ‘खाली स्प्रिंग वायसर आहे, चिंता नको’ असं मला कुणी सांगितलं की मी टॉर्च घेऊन तिथे जाते.

आता टॉर्क, म्हणजे बोल्ट फिरवायला लावलेला पिळाचा जोर. टॉर्क रेंच या मोजमापाच्या पान्यावर वाचतो तो आकडा म्हणजे ताण नव्हे. ढोबळमानाने आपण लावलेल्या जोरातला अर्धा डोक्याखालच्या किंवा नटाखालच्या घर्षणात जातो, सुमारे चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात जातो आणि बोल्ट ताणायला उरतो तो दहाएक टक्के. त्यामुळे आटे कोरडे आहेत की तेलकट, वायसर गुळगुळीत आहे की खरवडलेला, यावर सगळं उलटसुलट होतं. कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क तेल लावलेल्या बोल्टला दिला तर तो गरजेपेक्षा खूप जास्त ताणला जातो. मॅन्युअलमध्ये ‘तेल लावून’ असं लिहिलेलं असताना कोरडा आवळला तर आकडा बरोबर येतो आणि पकड बरीच कमी राहते. म्हणून टॉर्कचा आकडा बघताना त्याच्या शेजारची ओळही वाचा: कोणतं तेल, कुठे लावायचं, की काहीच लावायचं नाही. आटे अडकून बसू नयेत म्हणून लावतात ते अँटिसीझ हेही वंगणच आहे. मॅन्युअलने सांगितलं नसेल तर ते डब्यातच राहू द्या.

आवळायच्या आधीची साफसफाई कंटाळवाणी असते, पण मी तिच्यात जास्त वेळ घालवते. आट्यांतला जुना गोंद, गास्केटचे तुकडे, गंज हे सगळं निघालं पाहिजे. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे (सेल्फ लॉकिंग, म्हणजे स्वतःच आट्यांवर अडून बसणाऱ्या नटाची गोष्ट वेगळी, ती पुढे सांगते). अडकत असेल तर पाना लावून त्याला पुढे रेटू नका, का अडकतोय ते शोधा. आणि रंगाकडे लक्ष द्या. सिलिंडरच्या फ्लॅंजखाली (बुडाच्या रुंद कडेखाली) किंवा क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचाच्या, बसायच्या जागेवर रंगाचा थर राहिला तर तो दाबाखाली आणि उष्णतेने हळूहळू चेपतो. थर चेपला की ताण गेला. बोल्ट किती लांबतो ते केसभर आणि रंग चेपतो तोही केसभर, त्यामुळे एवढ्यानेसुद्धा पकड निम्म्यावर येऊ शकते. सिलिंडर धरून ठेवणारे स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) तुटायच्या कारणांमध्ये हे एक नेहमीचं कारण आहे. तिथली जागा उघड्या, स्वच्छ धातूची हवी.

टॉर्क रेंच संथ ओढा, झटका देऊ नका. क्लिक ऐकलं की थांबा; खात्रीसाठी दुसरा क्लिक घेतला तर बोल्ट आणखी थोडा पुढे जातो. रेंचने बोल्ट सोडवू नका आणि काम झालं की तो सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. इंजिनाच्या मागच्या बाजूला जागा नसते, तिथे रेंचच्या टोकाला क्रोफूट, म्हणजे उघड्या तोंडाचा छोटा जोडपाना, लावावा लागतो. तो रेंचच्या रेषेत पुढे लावला तर हात लांब होतो आणि आकडा बदलावा लागतो. हवा असलेला टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंच आणि जोड यांची एकूण लांबी. समजा २५ न्यूटन-मीटर हवे आहेत, मुठीच्या मध्यापासून जोडपाना बसतो त्या चौकोनापर्यंत रेंच ३० सेंटिमीटर आहे आणि क्रोफूटने ५ सेंटिमीटर वाढले. २५ × ३० ÷ ३५, म्हणजे रेंच २१.४ वर लावायचा. क्रोफूट काटकोनात लावला तर हा हिशेब करावा लागत नाही. जमेल तिथे मी काटकोनातच लावते.

एककं तपासून घ्या. एका मॅन्युअलमध्ये इंच-पौंड, दुसऱ्यात फूट-पौंड, तिसऱ्यात न्यूटन-मीटर असतात. एक फूट-पौंड म्हणजे बारा इंच-पौंड, म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर. पाव इंची, इंचाला २८ आट्यांच्या एएन४ या प्रमाणित विमान-बोल्टला साध्या टेन्शन नटासह (ताण घेणाऱ्या पूर्ण उंचीच्या नटासह) ५० ते ७० इंच-पौंड लागतात. तेच कुणी फूट-पौंड समजून ओढायला लागलं तर तिथे पोचायच्या बऱ्याच आधी बोल्ट तुटेल. न तुटता नुसता ताणला गेला तर ते जास्त वाईट, कारण तसा बोल्ट विमानातच राहतो.

जोड नीट ताणला गेला की मगच तारेला हात लावायचा.

तार बोल्ट घट्ट ठेवत नाही हे वर आलंच आहे. पकड काही कारणाने गेलीच तर बोल्ट फिरून बाहेर पडू नये म्हणून ती असते. त्यामुळे तिची ओढ नेहमी आवळायच्या दिशेने हवी. दोन बोल्ट शेजारी शेजारी आहेत आणि तुम्ही त्यांच्या डोक्यांकडे समोरून बघताय असं समजा. उजव्या आट्यांचा बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळतो. डावीकडच्या बोल्टच्या वरच्या अंगाने तार उजवीकडे ओढली तर तो आवळायच्या दिशेने ओढला जातो. उजवीकडच्या बोल्टला हीच तार डावीकडे ओढणार, म्हणून ती त्याच्या खालच्या अंगाला जायला हवी. म्हणजे तार डावीकडच्याच्या वरच्या अंगाने निघून तिरकी उतरत उजवीकडच्याच्या खालच्या अंगाला जाते. तार बांधून झाली की मी प्रत्येक बोल्टवर बोट ठेवते आणि तोंडाने म्हणते, ‘हा सुटायला लागला तर तार ताठ होईल की ढिली?’ ताठ होणार असेल तर बरोबर. ढिली होणार असेल तर तार कितीही सुंदर असली तरी कापायची. इंजिनाखाली आडवं पडून आरशात बघत काम करताना डावं-उजवं सहज उलटं होतं, म्हणून हा प्रश्न मोठ्याने विचारायची सवय लावा.

तार स्टेनलेस स्टीलची, इंजिनावर बहुतेक ठिकाणी ०.०३२ इंची, म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटर. कुठे ०.०४१ सांगितलेली असते, लहान आणि जवळजवळच्या स्क्रूंना ०.०२० चालते. मॅन्युअल सांगेल ती घ्या. वापरलेली तार सरळ करून पुन्हा बांधायची नाही, एकदा वाकलेली स्टेनलेस तार कडक होते आणि दुसऱ्यांदा वाकवली की तुटायला तयार असते.

बांधायची अशी. पहिल्या बोल्टच्या भोकातून तार ओवा आणि दोन्ही टोकं सारखी करा. एक टोक डोक्याला वळसा घालून दुसऱ्याला भेटतं. वळसा डोक्याच्या बुडाशी दबलेला हवा, वर चढलेला नको. आता पक्कड दुसऱ्या बोल्टच्या भोकाच्या अलीकडे तारेला लावा, ओढ कायम ठेवा आणि फिरवा. इंचाला सहा ते आठ पीळ. पीळ दुसऱ्या भोकापासून तीनएक मिलिमीटरवर थांबला पाहिजे. आधीच थांबला तर मधली तार उघडी, सैल राहते, आणि फार पुढे गेला तर भोकात शिरतच नाही. एक टोक दुसऱ्या बोल्टच्या भोकातून काढा, दुसरं डोक्याभोवती न्या, जिथे भेटतील तिथे पुन्हा पीळ द्या. या दुसऱ्या भागातला पीळ पहिल्याच्या उलट दिशेने द्या म्हणजे डोक्याभोवतीचा फेरा खाली दबून राहतो. शेवटी तीन ते सहा पिळांची शेपटी ठेवा, साधारण सहा ते बारा मिलिमीटर, आणि तिचं टोक आत वळवा. पुढच्या वेळी तिथे हात घालणाऱ्याचं बोट फाटू नये म्हणून. माझ्या डाव्या तर्जनीवर अशाच एका न वळवलेल्या शेपटीचा व्रण आहे.

लॉकवायरची पक्कड फिरकीची असते, तिने काम लवकर होतं. तरी पहिली पन्नास जोडणी साध्या पक्कडीने आणि हाताने करा असं मी सांगते. तार किती पीळ सहन करते हे बोटांना कळावं लागतं. पिळताना एक क्षण असा येतो की तार ‘बसते’, पीळ घट्ट आणि चकचकीत दिसतात. त्यानंतर आणखी दोन फेरे दिले की चकाकी जाते, तार निस्तेज, ठिसूळ दिसायला लागते. तशी तार वीस तासांत तुटेल की दोनशे, सांगता येत नाही. कापून टाका. पक्कडीचे दात मधल्या तारेत रुतले असतील तरीही कापून टाका, कारण चरा पडला तिथूनच तडा जातो. तयार तार मध्यभागी बोटाने दाबून बघा. ती किंचित दबावी, पण लोंबू नये आणि सतारीच्या तारेसारखी वाजूही नये.

भोकं सोयीच्या जागी आली नाहीत तर? इथे सगळ्यांची परीक्षा असते, माझीही झाली. सुरुवातीच्या दिवसांत एका कॅसल नटाची, म्हणजे वर खाचा असलेल्या नटाची, खाच बोल्टच्या भोकाशी जुळत नव्हती. टॉर्क पूर्ण झाला होता, खाच अगदी थोडी मागे होती. मी पाना घेऊन ती ‘थोडीशी’ पुढे नेली, खाचेतून आणि भोकातून कॉटर पिन (दोन पायांची वाकवायची पिन) घातली आणि पुढच्या कामाला लागले. आमचे वरिष्ठ मागे उभे होते. ‘काय गं, किती टॉर्क झाला आता?’ एवढंच विचारलं त्यांनी. मला सांगता येईना. ‘तुला माहीत नाही म्हणजे कुणालाच माहीत नाही. काढ तो बोल्ट.’ नट आणि बोल्ट दोन्ही बाद करून नवे घेतले. तेव्हा राग आला होता. आज मी तेच करते.

टॉर्कच्या मर्यादा दिलेल्या असतात, खालची आणि वरची. खालच्या आकड्यापासून सुरुवात करा, भोक जुळेपर्यंत वरच्या आकड्याच्या आत पुढे जा. तोपर्यंत जुळलं नाही तर वायसर बदला, वेगळ्या जाडीचा घ्या, नाही तर दुसरा नट लावून बघा. मागे फिरवून कधीच जुळवायचं नाही. ड्रिल केलेल्या डोक्याच्या बोल्टला बहुधा एकाहून जास्त भोकं असतात, त्यातलं सोयीचं निवडता येतं.

कॉटर पिन नवीच घ्या. भोकात ती हाताने आणि थोड्या नेटाने जाईल अशी हवी. एक पाय बोल्टच्या टोकावरून वर वळवायचा, तो बोल्टच्या व्यासाबाहेर जाऊ नये. दुसरा खाली नटाच्या अंगाला, वायसरला टेकणार नाही एवढा आखूड. कापताना कापल्या जाणाऱ्या टोकावर बोट धरा, ते उडतं. चष्मा लावल्याशिवाय मी कॉटर पिन कापत नाही.

सेल्फ लॉकिंग नटांचे दोन प्रकार, आणि इंजिनावर हा फरक महत्त्वाचा. एएन३६५ जातीच्या नटात वरच्या बाजूला फायबर किंवा नायलॉनचं कडं असतं आणि ते १२१ अंश सेल्सिअसपर्यंतच भरवशाचं. इंजिनावर आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या अग्निरोधक भिंतीच्या) पुढे त्याला जागा नाही. एक्झॉस्टजवळ तर ते कडं वितळून गेलेलं मी पाहिलं आहे, नट अगदी जागेवर होता आणि बोटांनी फिरत होता. तिथे एएन३६३ सारखा पूर्ण धातूचा नट लागतो. दोन्ही प्रकारांत नट बसवताना आटा अडला पाहिजे. नुसत्या बोटांनी नट लॉकिंगच्या भागातून पार झाला तर तो संपला, फेकून द्या. हा अडथळा टॉर्क रेंचवर आधी मोजा आणि अंतिम टॉर्कमध्ये मिळवा, नाहीतर तुमचा काही टॉर्क नुसता अडथळा पार करण्यात जातो. बोल्टचं टोक नटाबाहेर किमान एक आटा दिसलं पाहिजे. आणि जो बोल्ट जोडात फिरतो, लिव्हरचा किंवा केबलच्या टोकाचा, तिथे सेल्फ लॉकिंग नट नको. कॅसल नट आणि कॉटर पिनच.

टॅब वायसरबद्दल, म्हणजे ज्याची जीभ नटाच्या अंगावर वाकवून त्याला अडवतात त्या वायसरबद्दल, फार सांगायचं नाही. टॅब एकदाच वाकवायचा. उघडून पुन्हा वाकवलेला टॅब मुळाशी तडकतो.

रोटॅक्सवर लॉकटाइटचा, म्हणजे आटे चिकटवून ठेवणाऱ्या द्रवाचा, वापर जास्त आहे आणि मॅन्युअलमध्ये प्रत्येक ठिकाणी कोणता क्रमांक ते दिलेलं असतं, उदाहरणार्थ २४३. हा द्रव हवा नसलेल्या जागी, धातूच्या संपर्कात घट्ट होतो, म्हणून उघड्या बाटलीत टिकतो आणि आट्यांत बसतो. आटे तेलमुक्त करून एक-दोन थेंब पुरतात. आंधळ्या, म्हणजे तळ बंद असलेल्या भोकात जास्त ओतला तर बोल्ट खाली टेकायच्या आधी द्रव दाबला जातो. प्लॅस्टिकच्या भागांजवळ तो नेऊ नका, काही प्लॅस्टिक त्याने तडकतं. रोटॅक्सच्याच एक्झॉस्ट स्प्रिंगमधून तार ओवायला विसरू नका. स्प्रिंग तुटली तर तुकडा उडू नये, आणि प्रॉपेलर मागे असेल तर त्याच्याकडे जाऊ नये, म्हणून ती तार असते.

स्पार्क प्लगला तार नसते, कॉटर नसते. लायकॉमिंगवर ३५ फूट-पौंड आणि त्याखालची तांब्याची गास्केट, एवढ्यावर तो टिकतो. म्हणून ती गास्केट जुनी, चेपलेली नको. ऑइल फिल्टरला मात्र तार असते. फिरवून बसवायच्या फिल्टरवर टॉर्क छापलेला असतो, तोच द्या. त्याची ओढ विशेष तपासा, कारण मोठ्या गोल डब्यावर दिशा चुकते आणि लक्षातही येत नाही.

लाकडी प्रॉपेलर असेल तर बोल्ट एकदा आवळून विषय संपत नाही. लाकूड हवेतला दमटपणा घेतं आणि सोडतं. कोरड्या दिवसांत ते आकसलं की बोल्ट तेवढेच, पण पकड गेलेली. नव्या प्रॉपेलरच्या पहिल्या उड्डाणानंतर आणि पहिल्या पंचवीस तासांत तार कापून टॉर्क पुन्हा बघा, पुढे ऋतू बदलला की बघा. तार अखंड दिसतेय म्हणून हे टाळण्याचा मोह होतो. तो ड्रेन प्लग आठवा.

दूरदूरच्या बोल्टना एका तारेत ओवताना, म्हणजे अंतर चार ते सहा इंच असेल तर, तीनच्या वर जाऊ नका. तार तुटली तर एकाच वेळी किती बोल्ट उघडे पडतील हा विचार करा. अमेरिकेच्या एफएए या हवाई वाहतूक नियामक संस्थेच्या एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शिकेच्या सातव्या प्रकरणात तारा बांधायच्या आकृत्या आहेत, त्या भिंतीवर लावण्यासारख्या आहेत. पण तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं असेल तर मॅन्युअलच खरं.

काम संपलं की मी टॉर्क सीलची, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या रंगीत लेपाची, एक रेघ ओढते, नटावरून बोल्टवर आणि खालच्या पृष्ठभागावर. रेघ तुटलेली दिसली की नट हलला हे लांबूनही कळतं. ही रेघ टॉर्क झाल्यावरच ओढायची, आधी नाही, कारण आमच्याकडे रेघ म्हणजे ‘झालं’ असा अर्थ आहे. मध्येच फोन आला किंवा कुणी बोलावलं तर अर्धवट जोडावर लाल फीत लटकवून जाते. परत आले की त्या जोडाचा शेवटचा बोल्ट नाही, पहिल्यापासून सगळे पुन्हा तपासते. कापलेले तारेचे तुकडे एका डबीत टाकते आणि काऊलिंग (इंजिनावरचं पत्र्याचं आवरण) लावायच्या आधी मोजते. दोन टोकं कापली तर दोन तुकडे डबीत हवेत. एकदा एक सापडत नव्हता. तो शोधायला पाऊण तास गेला आणि अखेर मिळाला मॅग्नेटोच्या (ठिणगीची वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) खाली, वायरिंगच्या जुडग्यात.

मग दुसऱ्या कुणाला तरी बोलावून दाखवते, शक्यतो ज्याने हे काम केलं नाही त्याला. मी काही न सांगता त्याने प्रत्येक बोल्टवर बोट ठेवून ओढीची दिशा सांगायची. तुमच्याकडे सही करायचा परवाना नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला काऊलिंग बंद करण्यापूर्वी बोलवा, नंतर नाही. इंजिन जमिनीवर चालवून गरम होऊ द्या, बंद करा, काऊलिंग पुन्हा उघडा. पांढरं कापड घेऊन ड्रेन प्लग, फिल्टर आणि सिलिंडरच्या बुडाशी पुसा, कापड टॉर्चच्या उजेडात धरा.